मागच्या सीटवरचा बॉक्स

बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात. याला चारच तारा काऊन, बाकीच्या तुटल्या का? आणि दुसरा, हे वाजून राह्यलं का खरंच? वाजवणारी बाई असेल तर आणखी एक प्रश्न असतो, पण तो तिला विचारत नाहीत, तिच्या शेजारच्या माणसाला विचारतात. "या मॅडम अशाच उभ्या राहतात, का वाजवतात बी?" आमचा ढोलकीवाला या प्रश्नाला दर वेळी वेगळं उत्तर देतो आणि त्यातलं एकही माझ्या बाजूचं नसतं.

मी नागभीडला शाळेत शिकवते. लहानपण भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत गेलं. तिथं देशभरातले लोक राहायचे आणि शेजारच्या काकांकडे गिटार होती, म्हणून हात बसला. बेसकडे कशी वळले ते विचारू नका. पार्टीत सहा तारांची गिटार कोणाला नको होती आणि खर्जाला माणूस नव्हता, एवढंच. गायन पार्टी आमची लहान. गायक हे पार्टीचे मालक, ड्रायव्हर आणि भांडणं मिटवणारेही. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. एक कीबोर्डवाला, एक ढोलकीवाला, एक ऑक्टोपॅडवाला, मी, आणि कोरसला मावशी. चौदा एप्रिलच्या जयंतीपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत आणि मग पुन्हा दसऱ्याच्या सुमाराला आम्ही गावोगावी जातो. सगळे एका जुन्या व्हॅनमध्ये. पुढं भाऊ आणि कीबोर्डवाला, मध्ये आम्ही तिघं, मागच्या बाकावर खिडकीशी मावशी आणि तिच्या शेजारी सामान.

मावशी आमच्यापैकी कोणाचीच मावशी नाही. सिंदेवाहीच्या बाजूच्या एका खेड्यात राहते, पावसाळ्यात लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला जाते. आवाज बारीक आणि टोकदार. कोरसमध्ये ती असली तरी पार्टीत तिचं खरं काम वेगळंच होतं. गावात पोचलं की आम्ही वायरी सोडवत बसायचो आणि मावशी पदर खोचून बायकांत निघून जायची. या घरी चहा, त्या घरी पाणी. यंदा कोणाच्या घरी कोण गेलं, कोणाच्या घरी पाळणा हलला, सगळं विचारून यायची. लिहिता-वाचता येत नाही, सगळं डोक्यात. कार्यक्रमाची सुरुवात तिच्या पाळण्यानं व्हायची आणि त्याच्या एकेका कडव्यात ती एक गेलेल्याचं नाव घ्यायची आणि एक आलेल्याचं. पांढऱ्या साड्या नेसून बायका संध्याकाळपासून पुढं जागा धरायच्या, त्या भाऊंच्या गाण्यांसाठी नव्हे. आपल्या घरचं नाव माईकवरून एकदा ऐकायचं असायचं. नाव झालं की ती बाई डोळ्याला पदर लावायची, शेजारणी तिच्या पाठीवर हात ठेवायच्या आणि मग कार्यक्रम सुरू. आम्ही त्याला "नावं घेणं" म्हणायचो. दुसऱ्या पार्ट्यांकडे डिस्को लाइट होते. आमच्याकडे मावशी होती.

हे सगळं मला माहीत होतं. नव्यानं आलेल्या कोणी अजाणता पार्टी मोडली असती तर गोष्ट वेगळी.

माझ्याकडे तेव्हा जुना छोटा अँप होता, आतच आठ इंचाचा स्पीकर असलेला. घरी सरावाला ठीक. ढोलकी आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की मला माझं बोट तारेवर पडलेलं दिसायचं, ऐकू यायचं नाही. भाऊ समजूत घालायचे, "मॅडम, तुमचा आवाज सुरू हाये ते समजत नाई, पर बंद झाला का लगेच समजते." ही स्तुती आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मी वरवर हसायचे आणि आतून जळायचे. इतकी वर्षं उभं राहून वाजवायचं आणि आपण नसलो तरच कळायचं, ही कसली कला! मनात घेतलं, यंदा मोठ्या स्पीकरचा बॉक्स घ्यायचाच.

नागपूरला गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत बॉक्स मांडलेले होते. दुकानदार शांत माणूस, घाई नाही. त्यानं बारा इंची एक स्पीकरवाला लावून दाखवला, दहा इंची चार स्पीकरवाला दाखवला आणि शेवटी पंधरा इंची. दहाचे चार असले की प्रत्येक सूर सुटा आणि चटपटीत येतो. बारा इंची मधला, शहाण्या मुलासारखा. पंधरा इंचीची तऱ्हाच वेगळी. जाड तार छेडली तर आवाज जरा दमानं निघाला आणि थेट माझ्या पोटऱ्यांत शिरला. काउंटरच्या काचा थरथरल्या. मी पुन्हा छेडली. पुन्हा थरथरल्या. मला हसू आवरेना.

दुकानदारानं विचारलं, "कार्यक्रम कुठं करता?"

"गावांत. मोकळ्यावर."

"साउंड कोणाचा असते?"

"गावातला असतो, नाहीतर जवळच्या मंडपवाल्याचा."

"मंग तुमची लाइन त्याच्या मिक्सरले जाईन. लोकांले त्याच्याच बॉक्समधून ऐकू येईन. तुम्ही बारा इंची न्या मॅडम, उचलाले हलका. आपल्याले सोताचं ऐकू आलं का झालं."

माणूस महाग वस्तू विकायचं सोडून स्वस्त सुचवत होता. दुसरी कोणी असती तर पाया पडली असती. मला मात्र राग आला. स्वतःचं ऐकू आलं की झालं, हेच तर इतकी वर्षं चाललं होतं. मी पंधरा इंचीचीच मापं फोनमध्ये उतरवून घेतली, कारण एकच अडचण दिसत होती, ती व्हॅनची.

पुढच्याच कार्यक्रमाला, निघायच्या आधी, मी टेप घेऊन व्हॅनच्या मागच्या दारात उभी राहिले. मावशी आपल्या जागी येऊन बसली होती. तिला गाडी लागते म्हणून ती आधीच येऊन खिडकी उघडून बसायची. टेपचं टोक राहीना. मी म्हटलं, "मावशी, जरा हे धरा ना तिकडं."

तिनं टोक धरलं, खिडकीच्या खाली, आपल्या कमरेशी.

"काय मोजून राह्यली बाई?"

"नवीन बॉक्स घ्यायचाय. बसतो का पाहते."

"मंग? बसते का?"

मला आकडा दिसत होता. बाक काढला तरच बॉक्स बसणार होता, आणि बाक काढला तर मावशी बसणार नव्हती. दोन्ही गोष्टी मला एकदमच समजल्या. शाळेत गणित शिकवते मी.

"बसतो," मी म्हणाले.

"बसू दे मंग," ती म्हणाली, आणि गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला आनंदानं सांगू लागली, "आपल्या बाईचा मोठा बॉक्स येऊन राह्यला." ढोलकीवाल्यानं विचारलं, केवढा? तर दोन्ही हात पसरून दाखवला. मी टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि रस्ताभर खिडकीबाहेर पाहत राहिले. लाज वाटत होती, पण बॉक्सचा विचार काही जात नव्हता.

बॉक्स आला. ऐन जयंतीच्या महिन्यात, आरमोरीच्या पुढं जंगलाला लागून असलेल्या एका गावाचा कार्यक्रम होता. दुपारी सगळे माझ्या घरी जमले. बॉक्स मागून चढवून पाहिला, आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. शेवटी भाऊ पाना घेऊन आले आणि त्यांनी बाकाचे नट खोलले. बाक आमच्या अंगणात ठेवला. बॉक्स असा चपखल बसला की ऑक्टोपॅडवाल्यानं टाळी वाजवली. मग सगळ्यांचं लक्ष मागं गेलं. मावशी पिशवी घेऊन गाडीपाशी उभी होती.

कोणी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "मी यष्टीनं येईन ना. बायकांले अर्धं तिकीट हाये, मंग काय! मोठ्या गाडीत ऐसपैस बसून येईन."

सगळे हसले. सुटलो एकदाचे, असं ते हसणं होतं. मला तेव्हा सुचलं नाही असं लिहायचा मोह होतो. पण सुचलं होतं. मी मावशीपेक्षा तरुण, गुडघे धड, पगारदार. एसटीनं मी जायला हवं होतं आणि मधल्या सीटवर मावशीनं बसायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. मग वाटलं, रस्त्यात बॉक्सला काही झालं तर? नवा आहे, आपण सोबत असलेलं बरं. मावशीला स्टँडवर सोडून आम्ही पुढं गेलो. ती हात हलवत होती.

कार्यक्रम विहाराशेजारच्या बांधीत होता. धान निघून गेलेलं, जमीन टणक, चारी बाजूंनी मोकळं. मी बॉक्स लावला, गिटार जोडली, जाड तार छेडली. दुकानात काचा थरथरवणारा तो आवाज कुठं गेला समजेना. ना भिंत, ना छप्पर; निघाला तो सरळ जंगलाकडे निघून गेला. मी बटणं फिरवली, बांधापर्यंत चालत जाऊन ढोलकीवाल्याला तार छेडायला लावली. भुणभुण ऐकू आली, बस. मग साउंडवाल्यानं माझी लाइन आपल्या मिक्सरला घेतली आणि त्याच्या दोन मोठ्या बॉक्समधून माझा खर्ज गावभर घुमला. तो खुशीत म्हणाला, "मॅडम, तुमच्या बॉक्सचा स्विच बंद असला तरी चालते."

म्हणजे दुकानदारानं सांगितलं होतं, अगदी तसंच. मावशीच्या जागेवरून आणलेल्या त्या बॉक्समधून गावाला काहीच मिळणार नव्हतं. मिळणार होतं ते माझ्या पोटऱ्यांना.

दिवस कलला तरी मावशी आली नव्हती. फोन लागत नव्हता. त्या भागात लागतही नाही. फाट्यापासून गावापर्यंत रस्ता जंगलातून आहे आणि उन्हं उतरल्यावर त्या रस्त्यानं एकटं कोणी चालत नाही. मोहफुलांचे दिवस, वाघ गावाच्या अंगाला आलेला. भाऊ सारखे रस्त्याकडे पाहत होते.

बायका पुढं येऊन बसल्या. त्यातली एक, पांढरी साडी, माझ्याच वयाची, स्टेजच्या कडेला आली. "मावशी कुठी हाये जी? मले माह्या पोरीचं नाव सांगाचं हाये."

"येतच आहेत," मी म्हटलं.

"यंदाच गेली. काविळीनं." तिनं मुलीचं नाव सांगितलं. "तुमी सांगजा मावशीले. पाळण्यात घ्याले सांगजा." मग जाऊन पहिल्या ओळीत बसली.

कमिटीची माणसं घाई करू लागली. पाहुण्यांना परत जायचं होतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. पाळण्याशिवाय कार्यक्रम सुरू झाला, भाऊंच्या नेहमीच्या जोरदार गाण्यानं. मला नाव माहीत होतं. पुढं होऊन माईकवर एवढं एक नाव मी घेऊ शकले असते. पाळणा नसता आला तरी नाव आलं असतं. पण माझ्या हातात गिटार होती, गाणं सुरू होतं, आणि खर्ज पायांतून वर चढत होता. मला मजा आली. सगळ्यात जड जातं ते हेच सांगायला. वर्षानुवर्षं हवं होतं ते सुख त्या गाण्यात मला मिळालं आणि मी डोळे मिटून वाजवलं. उघडले तेव्हा पहिल्या ओळीतली ती जागा रिकामी होती. पाठमोरी पांढरी साडी विहाराच्या कोपऱ्यावरून वळताना दिसली.

मावशी आली ती एका दूधवाल्याच्या गाडीवर मागं बसून, दोन कॅनांच्या मधे. दुपारपासून स्टँडवर बसली होती; नेहमीची बस आलीच नाही. उशिरा दुसरी मिळाली, आणि फाट्यावर उतरून कोणीतरी येईपर्यंत ती तिथल्या पानठेल्याला धरून उभी राहिली होती. उतरली ती आमच्याकडे नाही आली. सरळ बायकांत गेली आणि हात जोडून प्रत्येकीला म्हणत राहिली, "माहीच यष्टी चुकली जी. माफ करजा. माहीच चुकली."

मी स्टेजवरून ऐकत होते. भाऊ ऐकत होते. कोणी म्हणालं नाही की बाई, चूक तुझी नाही. मी तर नाहीच नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी तिला पाळणा दिला. मी तिला मुलीचं नाव सांगितलं आणि तिनं ते घेतलंही, नेहमीपेक्षा लांबवून. पण ज्या कानांसाठी ते होतं ते घरी निघून गेले होते. परत जाताना मावशी गावातच कोणाकडे तरी मुक्कामाला राहिली, कारण गाडीत जागा नव्हती.

त्यानंतर ती दोन-तीन कार्यक्रमांना आली, एसटीनं, कधी वेळेवर, कधी नाही. मग गुडघे दुखू लागले. मग नातीची परीक्षा निघाली. मग भाऊंनी फोन करणं कमी केलं. "मावशीचं वय झालं," ते म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. गावोगावच्या बायका विचारायच्या, "ते पाळणा म्हणणारी बाई काऊन नाई आली?" आणि आम्ही गुडघ्यांचं सांगायचो. तिच्या गुडघ्यांची एवढी काळजी आम्ही त्याआधी कधीच केली नव्हती. मला कोणी बोल लावला नाही. भांडण झालं असतं, कोणी तोंडावर म्हटलं असतं की तुझ्या बॉक्सपायी झालं हे, तर मी तावातावानं उत्तर दिलं असतं आणि मोकळी झाले असते. तसं कोणी केलं नाही. अंगणात पावसात भिजणारा बाक तेवढा रोज शाळेत जाताना दिसायचा.

पाऊस उघडायची वाट न पाहता मी बॉक्स नागपूरला नेला आणि बदलून बारा इंची आणला. दुकानदार "मी सांगतलं होतं" असं एका शब्दानं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. बाक पुसला, गंजलेले नट टाकून नवे आणले, भाऊंनी तो जागच्या जागी बसवला. मग मी एकटीच मावशीच्या गावाला गेले.

ती रोवणीहून परतत होती. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. मला पाहून घाबरलीच आधी, काही वाईट बातमी आहे की काय म्हणून.

"सीट लावली मावशी परत," मी म्हटलं. "दसऱ्याला चला."

"अन् बॉक्स? बिघडला का?"

"नाही. देऊन टाकला. छोटा आणला."

"काऊन? चांगला तर होता." मग थांबली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. "माह्यासाठी देल्ला का बाई?"

या वेळी मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "हो मावशी. तुमची जागा होती ती. टेप लावली तेव्हाच मला माहीत होतं. माझं चुकलं." आणि रडू आलं, त्याच्याशी लढण्यात अर्थ नव्हता.

मला वाटलं होतं ती रागावेल, निदान पाठीवर हात ठेवेल. तिचा चेहरा पडला. एखाद्याच्या घरची वस्तू आपल्या हातून फुटावी तशी ती उभी राहिली. "असं नोको करू बाई," ती म्हणाली. "तुहा एवढ्या हौसेचा बॉक्स. मी यष्टीनं येतच होती ना. आता तुहा आवाज कमी येईन, माह्यापायी." मी किती सांगितलं की छोट्यातही येतो, साउंडवाल्याच्या बॉक्समधून सगळं ऐकू जातं, तो मोठा कामाचाच नव्हता. ती मान हलवत राहिली. तिला पटलं नाही. मी माझ्या मनावरचं ओझं उतरवायला गेले होते आणि ते तिच्या डोक्यावर ठेवून परत आले.

दसऱ्याला ती आली. पिशवी, पांढरी साडी, तोच टोकदार आवाज. गावात पोचल्याबरोबर पदर खोचून बायकांत गेली, नावं आणली, पाळणा झाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भाऊ खूश, ढोलकीवाला खूश. सगळं पूर्वीसारखं झालं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

पण व्हॅनमध्ये मी मागं वळून पाहिलं की दिसतं. एवढा मोठा बाक, सामानही आता थोडंच. आणि मावशी खिडकीला चिकटून, कडेला बसलेली. गुडघे जवळ घेतलेले, पिशवी मांडीवर. शेजारी बॉक्सएवढी जागा मोकळी. पूर्वी ती ऐसपैस बसायची, सामानावर हात टाकून झोपायची, घोरायचीसुद्धा. आता खड्ड्यात गाडी आदळली आणि ती सरकली, तरी पुन्हा आपलं अंग आवरून कडेला जाते.

परवा मी म्हटलं, "मावशी, नीट बसा ना. सगळी जागा तुमचीच आहे."

"बसली ना बाई," ती म्हणाली. "पुरते मले. राहू दे तेवढी, कोणाचं काई ठेवाचं असते."